दुष्काळचाचा

रोपांनी भरलेली गाडी नर्सरीच्या फाटकातून आत आली की आम्ही सगळे पाण्याच्या पाइपाकडे धावायचो आणि चाचा नळाकडे. आम्ही पाणी सोडायला, ते बंद करायला. दोन दिवस तापलेल्या रस्त्यावरून आलेली, माना टाकलेली रोपं बघून कुणाही सज्जन माणसाला त्यांना पाणी पाजावंसं वाटेल. चाचा सज्जन नव्हते असं नाही. झाडांच्या बाबतीत त्यांचा सज्जनपणा दहा दिवस उशिरा सुरू व्हायचा, इतकंच. ते रोपांना एकदाच पोटभर पाणी पाजत, मग शेडच्या मागे उघड्या उन्हात रांगेनं मांडत आणि पुढचे दहा दिवस त्यांच्याकडे पाठ फिरवून बसत. त्या जागेला ते 'तालीम' म्हणत. "तालमीत टिकंल त्यानं मैदानात उतरावं. बाकीच्यांनी दूध-बदाम खाऊन घरात बसावं," हा त्यांचा कायदा. दहा दिवसांनी निम्मी रोपं वाळून गेलेली असत. जी अर्धमेली उरत त्यांच्यासमोर चाचा उकिडवे बसत, एकेक पान बोटात चोळून बघत आणि तेव्हा कुठे पहिल्यांदा हसत.

हे सगळं ओमानमध्ये, मस्कतपासून तीन तास आत, वाळवंटाच्या काठावर. बागा करून देणाऱ्या एका कंपनीची ती नर्सरी होती. चाचा तिथले मुकादम. 'दुष्काळचाचा' हे नाव सांगलीकडच्या एका ड्रायव्हरनं ठेवलं होतं, पण ते पुढे बंगाल्यांपासून मल्याळ्यांपर्यंत सगळ्यांनी आपापल्या उच्चारात उचललं. दुष्काळ म्हणजे काय हे त्यांतल्या अर्ध्यांना माहीत नव्हतं. चाचांना बघून त्यांनी अर्थ लावून घेतला.

मी तिथे गेलो तेव्हा माझ्याकडे कृषी पदवी होती, नवी टोपी होती आणि नेमणुकीच्या पत्रावर 'लँडस्केप इंजिनिअर' असं लिहिलेलं होतं. चाचांनी पत्राकडे बघितलं नाही. माझ्या पायातल्या चपलेकडे बघितलं.

"पावणं, गाव कंचं?"

"कोल्हापूर."

"खरं कोल्हापूर, का उगं सांगायचं म्हनून?"

"कसबा बावडा."

"म्हंजे उसातलं की!" चाचांनी कपाळावर हात मारला. "पाटाला पाणी सोडून बांधावर झोपा काढनारी जात. तुमाला बागंत घेतलं कुणी?"

मी पदवीचं नाव सांगितलं. ते चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आनी तिकडं पान्याबिगर काय शिकवलं?" मी बराच वेळ आठवून बघितलं. ठिबक शिकवलं होतं, तुषार शिकवलं होतं, पाट-सरी शिकवली होती. पाण्याबिगर असं काही आठवेना.

चाचा स्वतः पन्हाळ्याखालच्या कोडोलीचे. तरुणपणी तिथेच आंब्याची कलमं बांधायचे. पंचवीस वर्षांपूर्वी एका एजंटानं त्यांना 'माळी पाहिजे' म्हणून नेलं, विमानातून उतरल्यावर त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि एजंटाला विचारलं, "माळी पायजे ते कळलं. पन मळा कुठं हाय?" ही गोष्ट ते प्रत्येक नव्या माणसाला सांगत आणि प्रत्येक वेळी स्वतःच आधी हसत. घरी बायको होती. मुलगी तेव्हा रांगत होती. दोन वर्षांनी एकदा दोन महिन्यांची सुट्टी, असा हिशेब करत ती मुलगी शाळेत गेली, कॉलेजात गेली आणि मी तिथे पोचलो त्या वर्षी गावातल्याच शाळेत शिक्षिका म्हणून लागली होती. "मी तिला एकंदर दोन वर्सं बघितलीया," चाचा सांगत. त्यांच्या आवाजात तक्रार नसायची.

वाळवंटात टिकणारं झाड कसं निवडायचं, हे मी चाचांकडून शिकलो. त्यांनी शिकवलं असं म्हणता येणार नाही. ते झाडांना शिव्या देत आणि मी त्या लिहून घेत असे. "पान बघ. जाड हाय? बारीक हाय? केसाळ हाय? चिकाचं हाय? ह्यातलं कायबी न्हाय, तर ते झाड न्हवं, पावना हाय. चार दिस राहील, पाहुणचार घेईल आनी जाईल." दुसरी कसोटी शेळीची. वाळवंटाच्या काठावरच्या गावांत शेळ्या मोकाट, उंट त्याहून मोकाट. एखादं नवं रोप आलं की चाचा त्याची एक फांदी फाटकाबाहेरच्या शेळीपुढे धरत. शेळीनं तोंड फिरवलं की रोप पास. माझ्या पदवीच्या परीक्षेपेक्षा ही परीक्षा कडक होती, आणि तिच्यात कॉपी करता येत नव्हती.

अशा दोन्ही परीक्षा पास होणारी झाडं कुठली, तर आमच्याकडे बांधावरून उपटून फेकतात ती. घाणेरी, घायपात, रुई, कण्हेर, बोगनवेल, कोरफड, समुद्रकाठची मर्यादवेल. ज्या घाणेरीवर माझ्या आजोबांनी आयुष्यभर विळा चालवला, तिला इथे कुंडी होती, नावाची पाटी होती आणि सावलीला जाळी होती. (जाळी चाचांनी आठवड्यात काढून टाकली.) मी उत्साहानं घरी फोन केला.

"बाबा, आज घाणेरीची दोनशे रोपं लावली."

वडील म्हणाले, "लावली? उपटली म्हनायचं आसंल तुला."

"नाही, लावली."

"आनी त्येचा पगार देत्यात?"

"हो."

"मग हितं काय वाईट हुतं?" वडिलांनी विचारलं.

पाण्याचं चाचांचं गणितही आमच्या बावड्याच्या उलटं. बाकीचे माळी रोज संध्याकाळी थोडं थोडं पाणी शिंपडायचे. चाचा त्याला 'चहा पाजणं' म्हणायचे. ते आठ दिवसांनी एकदा, पण दोन तास सावकाश, झाडाच्या बुडापासून हातभर लांब पाणी सोडत आणि वर दगडगोटे पसरत. "रोज चहा मिळाला तर मूळ कशाला खाली जाईल? वरच बसंल की, कपाची वाट बघत. पाणी खाली न्हेऊन ठेव, मूळ त्येच्या मागनं जातंय." हे मी नंतर इंग्रजीत, मोठमोठ्या शब्दांत कितीतरी लोकांना सांगितलं. चाचांच्या वाक्याइतकं ते कुणाला कळलं नाही.

आम्हा दोघांचं भांडण झालं ते एका पाहुणेघराच्या बागेवरून. गावातल्या एका श्रीमंत गृहस्थानं वाळूच्या टेकड्यांच्या तोंडाशी पर्यटकांसाठी पाहुणेघर बांधलं होतं. मालक मोठे दिलदार. हिंदी सिनेमा बघून हिंदी शिकलेले. त्यांनी मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. डोंगरउतारावर मखमली हिरवळ, कडेनं गुलाब, मागे बर्फ. "ऐसा चाहिए," ते म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, "बर्फ नहीं भी चलेगा."

मी नवा होतो. तीन दिवस संगणकावर बसून मी तो नकाशा काढला. दर्शनी भागात हिरवळ, तीन रंगांचे गुलाब आणि भोवती कोनोकार्पसचं कुंपण, कारण ते चार महिन्यांत डोक्याएवढं होतं. मॅनेजरसाहेबांनी नकाशा बघून माझ्या खांद्यावर थाप मारली. चाचांनी तो उलटा धरला, सुलटा धरला आणि बोट ठेवलं.

"ह्ये हिरवं काय?"

"लॉन."

"ह्ये कडंचं?"

"कोनोकार्पस. चार महिन्यांत वाढतं."

"आनी चार वर्षांत पायपात घुसतंय. पाहुण्याच्या बाथरूमात उगवंल, मग म्हण लँडस्केप." बोट पुढे सरकलं. "आनी हितला घाफ कुठं गेला?"

घाफ म्हणजे आपल्याकडची शमी. दसरा चौकात आपण जिची पूजा करतो तीच. तिथे तिला कुणी पुजत नाही, तिच्या सावलीत बसतात. त्या जागेवर तिची दोन जुनी, वाकडीतिकडी झाडं होती. त्यांतलं एक माझ्या हिरवळीच्या नेमकं मध्यावर येत होतं.

"तो काढावा लागेल चाचा. मधे येतोय."

"झाड मधे येत न्हाय, इंजिनेर. ते आदीपास्नंच तितं हाय. मधे तू आलायस."

दुसऱ्या दिवशी करवतवाला आला तेव्हा चाचा त्या घाफाच्या बुंध्याला टेकून बसले होते. शेजारी पाण्याची बाटली, डब्यात रोटी, खिशात तपकीर. मॅनेजरनं सांगून बघितलं, मी हात जोडून बघितले. करवतवाला बिचारा दुपारपर्यंत थांबला आणि मग तोही सावली चांगली आहे म्हणून त्यांच्या शेजारी येऊन झोपला. शेवटी मॅनेजरनं तोडगा काढला. घाफ राहतील, माझी हिरवळ दहा हात पुढे सरकेल, पुढची बाग माझी, मागची चाचांची. "देखते हैं किसकी अच्छी बनती है," असं म्हणून साहेब गाडीत बसले. त्यांना भांडण मिटवल्याचा आनंद झाला होता. त्यांनी प्रत्यक्षात कुस्ती लावून दिली होती.

फेब्रुवारीत उद्घाटन झालं. तिथली फेब्रुवारी म्हणजे आपल्याकडची दिवाळीनंतरची थंडी. त्या हवेत छत्रीची काडी लावली तरी पालवी फुटेल. माझी हिरवळ झळझळत होती, गुलाब फुलले होते. पाहुणे बूट काढून गवतावर चालत होते आणि फोटो काढत होते. चाचांची मागची बाग म्हणजे दगडगोटे, त्यांच्यामधून गुडघाभर वाढलेली घायपात, कडेला घाणेरी, वाळूवर पसरत चाललेली मर्यादवेल आणि ते दोन घाफ. आमच्या पन्हाळ्याची मागची बाजू कुणी उचलून आणून ठेवल्यासारखी. कण्हेर मात्र नव्हती. मुलं येणार, पानं तोंडात घालतील, म्हणून चाचांनी ती तालमीतून पास झालेली असूनही गाळली होती. मालकांनी तिकडे एकदा नजर टाकली आणि मला हळूच विचारलं, "पीछे का काम कब शुरू होगा?"

मी हसलो. ते हसू मला नंतर महागात पडलं.

त्या संध्याकाळी मालकांची म्हातारी आई पुढच्या बागेत फार वेळ थांबली नाही. नातीच्या आधारानं ती मागे गेली आणि घाफाखाली चटईवर बसली. चाचांकडे बघून अरबीत काहीतरी म्हणाली. चाचा छातीवर हात ठेवून वाकले. त्यांचा चेहरा असा उजळला की मी विचारलं, काय म्हणाल्या?

"म्हनाली, सगळीकडं बाग केली, हितं तेवढं काय केलं न्हाय ते बरं झालं." चाचांनी डोळे पुसले. "इंजिनेर, पंचवीस वर्सांत अशी शाबासकी कुणी दिली न्हाय."

जूनमध्ये ईदची सुट्टी आली. मी मित्रांबरोबर चार दिवस मस्कतला गेलो. जाण्याआधी पुढच्या बागेच्या पाण्याचं घड्याळ मीच लावलं. हिरवळीला पाणी रात्री बारा वाजता द्यायचं, म्हणजे गारव्यात मुरतं. त्या यंत्रावर रात्रीचे बारा आणि दुपारचे बारा यांत एका इंग्रजी अक्षराचा फरक होता. मी ते अक्षर चुकलो. चार दिवस, भर दुपारी बारा वाजता, अंगाची लाही करणाऱ्या उन्हात, विहिरीचं खारट पाणी कारंज्यासारखं उडत राहिलं. पानावर थेंब पडायचा, सुकायचा आणि मीठ ठेवून जायचा. मी परत आलो तेव्हा हिरवळ हळदीच्या पोत्यासारखी पिवळी झाली होती आणि गुलाबांच्या नुसत्या काटक्या उभ्या होत्या.

चाचा माझ्या आधी पोचले होते. त्यांच्या बागेला आठवड्यातून एकदाच पाणी लागायचं, म्हणून तेही त्याच दिवशी सकाळी आले होते. त्यांची घायपात तशीच होती. घाणेरीला फुलं आली होती. मी यंत्राकडे गेलो तर घड्याळ बरोबर लावलेलं, रात्रीचे बारा. पानांवरचं मीठ मात्र दुपारच्या पाण्याचंच होतं; अक्षर मी चुकलो होतो आणि ते कुणीतरी नंतर सरळ केलं होतं. मी चाचांकडे बघितलं. ते तपकीर ओढत दुसरीकडे बघत होते.

दुपारी मॅनेजर आले, मालक आले. "किसने किया ये?" मॅनेजरांचा आवाज चढला. मी तोंड उघडलं. आणि चाचा पुढे झाले.

"मैंने पानी बंद किया था, साहब."

"क्यों?"

"आदत है," चाचा म्हणाले.

यावर अविश्वास ठेवण्यासारखं कुणाकडे काहीच नव्हतं. सगळ्या कंपनीनं त्यांना वर्षानुवर्षं पाणी बंद करताना बघितलं होतं. ज्या माणसाला सगळे दुष्काळ म्हणतात, त्यानं हिरवळ वाळवली हे ऐकून कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. पानांवरचा मिठाचा पांढरा थर तिथल्या तिथे दिसत होता. पाणी बंद केल्यावर मीठ कुठून आलं, हे एकानंही विचारलं नाही. मी विचारू शकत होतो.

मी चाचांना बाजूला ओढलं. "चाचा, हे काय करताय? मी सांगतो साहेबांना."

"गप ऱ्हा." त्यांनी माझा हात सोडवला. "तुला अजून वरीस न्हाय झालं. आत्ता काढलं तर परत कोन घेनार न्हाय. मला जायाचंच हुतं."

"मग राजीनामा द्यायचा."

"राजीनामा लिवायला विंग्रजी कुनाला येतंय? ह्ये बरं पडलं."

आणि मी गप्प राहिलो. त्या क्षणी मी स्वतःला सांगितलं की चाचांची इच्छाच तशी आहे. माणसाला जे सोयीचं असतं ते दुसऱ्याची इच्छा म्हणून फार लवकर पटतं. पंधरा दिवसांत चाचांचे कागद झाले. विमानतळावर सोडायला मीच गेलो. त्यांच्याकडे एक सुटकेस होती आणि मुलीसाठी घेतलेलं मनगटी घड्याळ. आत जाताना त्यांनी मागे वळून एवढंच सांगितलं, "मागच्या बागंचं लई लाड करू नगं."

पुढची हकिकत माझ्या भरभराटीची आहे. मालकांनी पुन्हा हिरवळ लावायची नाही असं ठरवलं आणि आईच्या सांगण्यावरून पुढेही मागच्यासारखीच बाग करायला सांगितली. ती मी केली. तिचा फोटो कंपनीच्या पुस्तिकेत आला, खाली माझं नाव. मग तशा बागांची मागणी वाढली. 'वाळवंटी हवामानात टिकणाऱ्या झाडांचा तज्ज्ञ' अशी माझी ओळख झाली. मी भाषणं देऊ लागलो. जाड पान, बारीक पान, केसाळ पान, चिकाचं पान. शेळीची कसोटी मात्र मी भाषणातून गाळत असे. ती ऐकल्यावर लोक शेळीचीच नेमणूक करतील अशी भीती वाटायची.

पहिल्या सुट्टीत मी कोडोलीला गेलो. ऑगस्ट महिना, पाऊस तीन दिवस थांबला नव्हता. चाचांच्या घराचं अंगण बघून मी दारातच थबकलो. केळी, कर्दळ, अळू, जास्वंद, नेचे, सगळं एकात एक घुसलेलं. आणि भुरभुर पावसात चाचा एका हातात छत्री धरून दुसऱ्या हातानं झारीनं झाडांना पाणी घालत होते.

"बगा, बगा," दारातून चाची म्हणाल्या. "तिकडं म्हनं दुष्काळ म्हनायचे ह्यांस्नी! हितं मुळं कुजली झाडांची. सांगून दमले मी."

"आगं, छत्रीखालच्या झाडावर पाऊस पडत न्हाय," चाचा म्हणाले. मग माझ्याकडे बघून जरा ओशाळले. "पंचवीस वर्सं हात आखडूनच धरला, इंजिनेर. आता सुटलाय, तर आवरंना झालाय."

चाचींनी मला आग्रहानं जेवायला बसवलं. मटणाचा रस्सा होता, भाकरी होती. मुलगी रुबीना शाळेतून आली, वाढायला बसली. मी पहिला घास घेतला आणि चाची म्हणाल्या, "कुनीतरी तितं बाग जाळली आनी आळ ह्यांच्यावर आला म्हनं. ह्ये नाव सांगत न्हाईत. कोन का आसंना, अल्ला त्येचं भलं करो. त्येच्यामुळं मानूस घरी आलं. न्हायतर ह्येंनी तितंच हाडं ठेवली आसती."

माझ्या हातातला घास तसाच राहिला. चाचांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत जी मजा होती ती मी वर्षभरात कधी बघितली नव्हती.

"घ्या की इंजिनेर," ते म्हणाले. "रस्सा गार व्हायलाय. दुवा लागलीया आज तुमाला."

त्यानंतर चार वर्षांनी मीही परत आलो. आता बावड्यात ऊस मोडून उभ्या राहिलेल्या सोसायट्यांना बागा करून देतो. त्यांतल्या बऱ्याच जणांना कोनोकार्पसचं कुंपण हवं असतं; मी त्यांना पाइपाची गोष्ट सांगतो आणि ते दुसऱ्या माणसाला बोलावतात. चाचांकडे अधूनमधून जात असे. हिरवळीचा विषय आम्ही दोघांनीही कधी काढला नाही. काढायचा असं मी दर वेळी ठरवून जात असे आणि दर वेळी ते मला कुठलं तरी नवं अळू दाखवत.

गेल्या थंडीत चाचा गेले. दुपारी जेवून अंगणात खुर्चीवर बसले होते, उठलेच नाहीत. पहिल्या आठवड्यात गर्दी होती, म्हणून मी नंतर एका सकाळी कब्रस्तानात गेलो. रुबीना तिथेच होती. तिची शाळा त्याच वाटेवर. जाता जाता थांबली होती. कबरीची माती अजून ओली, उघडी होती.

"बरं झालं आलात," ती म्हणाली. "अब्बांच्या कबरीवर काहीतरी लावायचंय. काय लावू? तुम्ही त्यातले जाणकार."

मी जाणकारासारखा वाकलो, माती बोटात घेतली. इथली माती, इथलं ऊन, एप्रिल-मेचा ताप, असं सगळं मोजून मी यादी सांगू लागलो. कोरफड चालेल, बघावं लागणार नाही. घायपात तर विसरून गेलात तरी चालेल. यादी मी तिथेच सोडली. मग मी तिला सगळं सांगितलं. मस्कतची सुट्टी, ते अक्षर, पानांवरचं मीठ, माझं गप्प राहणं. सांगायला फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं न सांगण्याएवढं त्यात काही लांबलचक नव्हतं.

रुबीनानं कबरीवरचे दोन खडे उचलून बाजूला टाकले. रागावली असावी. नंतर म्हणाली, "अम्मीला सांगू नका."

"का? त्यांना कळायला हवं."

"दर शुक्रवारी ती त्या माणसासाठी दुवा मागते. तुम्हीच तो हे कळलं तर बंद करेल. आणि अब्बा शेवटची पाच-सहा वर्षं घरी होते, त्या सुखाचंच तिला वाईट वाटायला लागेल."

मी बोटातली माती परत कबरीवर सोडली. तिनं डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि पुन्हा विचारलं, "मग काय लावू?"

"सबजा लाव," मी म्हणालो. "वास छान येतो. पण नाजूक असतो. रोज पाणी लागतं. एक दिवस चुकला तरी उन्हाळ्यात मान टाकतो."

"रोज येईन की. वाटेवरच आहे. रविवारी तेवढी शाळा नसते."

त्याच दिवशी आम्ही बाजारातून सबजाची सहा रोपं आणून लावली. आता दर रविवारी सकाळी मी बावड्याहून कोडोलीला जातो. सहा दिवस तिचे असतात. रविवारची पाण्याची पाळी माझी आहे.